भाड्याचा कचरा

टेलरमास्तरांच्या विहीणबाईंनी हे शहर कधी पाहिलं नव्हतं. सिनेमात मात्र पन्नासदा पाहिलं होतं. तिथे दर दुसऱ्या गल्लीत एक मुडदा पडायचा. "असल्या शहरात मी माझ्या नातवाला पाठवू?" असं म्हणून त्यांनी सुनेचं माहेरपण अडवून धरलं होतं. नातू आठ महिन्यांचा झाला, तरी मास्तरांनी त्याला मांडीवर घेतलं नव्हतं. फोटोवरून अंदाजाने झबली शिवायची आणि ती पोचेपर्यंत आखूड व्हायची. जीव तुटायचा बिचाऱ्यांचा.

म्हणून, सिनेमावाले आपल्याच गल्लीत शूटिंग करणार म्हटल्यावर मास्तरांनी कंबर कसली. "या खेपेला आपलं शहर चांगलंच दिसलं पाहिजे!" त्यांनी अख्खी गल्ली कामाला लावली. भिंती पिवळ्याधमक झाल्या, गटारावर फरश्या बसल्या, खिडक्यांत कुंड्या आल्या. विहीणबाईंना फोन गेला, "एकदा स्वतः येऊन बघाच!"

शूटिंगच्या सकाळी दिग्दर्शक गाडीतून उतरला आणि मटकन फुटपाथवर बसला.

"माझी गल्ली कुठाय?"

"हीच की, साहेब! चकाचक केली."

"अहो, खून करायचाय इथे! कुंड्यांमध्ये कोण खून करतं?"

घ्या! तासाभरात ट्रकभर कचरा आला. भिंतींना काजळी फासली. "निदान माझ्या दारात तरी नको हो!" म्हणत मास्तर कचऱ्याच्या प्रत्येक पाटीमागे धावले. पण ऐकतंय कोण? मुडदा नेमका त्यांच्याच दारात निजवला.

आणि तेवढ्यात टॅक्सीतून विहीणबाई उतरल्या.

मास्तरांनी कपाळावर हात मारला. आता नातू दाढीमिशांसकटच दिसणार! विहीणबाई मुडद्याकडे टक लावून पाहत राहिल्या. मुडदा फाडकन शिंकला. चाकूवाला गुंड धावत आला, "अरे ऊठ, ताप वाढेल. मावशी, जरा इकडून या, कचऱ्यात पाय पडेल."

"कुणाचा रे हा कचरा?"

"भाड्याचा. या गल्लीत कागदाचा कपटा सापडेना, म्हणून ट्रकने मागवला."

विहीणबाईंनी भिंत नखाने खरवडली. आत पिवळाधमक रंग.

"अहो व्याही, तुमच्याकडे कचरासुद्धा परगावचा?"

"हो ना हो!"

विहीणबाईंनी तिथूनच फोन लावला. "सूनबाई, बॅग भर. उद्याच्याच गाडीने या. आणि हो, बाळाला टोपरं घाल. इथल्या मुडद्यांना सर्दी झालीये."