तात्यांचं सायक्लोमीटर

"पोरगी पसंत हाय त्यान्ला. आता तुमचं मीटर काय म्हनतंय तेवढं सांगा," बाहेर मामा म्हणाले, आणि स्वयंपाकघरात माझ्या हातातली चहाची गाळणी कपावर वाजली.

"तात्या येतायत. हिशेब चाललाय त्यांचा," पप्पा म्हणाले.

तात्या म्हणजे पप्पांचे थोरले चुलतभाऊ. चौसाळ्यात आमच्याच अंगणापलीकडे दोन खोल्यांत एकटे राहतात. त्यांच्या सायकलच्या पुढच्या चाकाला काड्यापेटीच्या निम्म्या आकाराचं एक पितळी यंत्र आहे. आऱ्याला लावलेली खिट्टी दर फेऱ्याला त्याच्या दात्यावर टक्क करते आणि आकडा सरकतो. सहावीत असताना मी त्यांना एकदा म्हणाले, "तात्या, ह्याला ओडोमीटर म्हणतात."

"ओडो मोटारीला," ते म्हणाले. "सायकलीला सायक्लोमीटर. तुज्या इंग्लिश शाळंतल्या बाईला इचार."

बाईंना माहीत नव्हतं. शाळेच्या जाड डिक्शनरीत मात्र सापडलं. मी दोन दिवस तात्यांसमोर गेले नाही.

"मीटरवर न्हाई ते तोंडात न्हाई" हे त्यांचं बोलणं. हायवेवरचा एक किलोमीटरचा दगड चुकीच्या जागी आहे, असं ते अजून सांगतात, आणि त्या दगडाकडे न बघता पुढे जातात. नातेवाईक त्यांना नावापेक्षा आकड्यानं आठवतात. "अठरा पूर्णांक चारकडं बारसं हाय" म्हटलं की समजायचं, शोभाआत्याकडे.

आमच्या घरातली मुलगी पंचवीस किलोमीटरच्या आत द्यायची, हा नियमही त्यांचाच. सकाळी सायकलवर निघालं की माणूस दुपारच्या जेवणाला लेकीकडे आणि दिवेलागणीला घरी आला पाहिजे. पप्पांच्या चारही बहिणी ह्या नियमात बसल्या. तात्यांची सख्खी बहीण नियमाच्या आधीची. त्यांच्या वहीत तिच्या गावापुढे एकसष्ट लिहिलंय, एकदाच. त्या दिवशी ते पोचले तेव्हा सगळे स्मशानातून परत येत होते.

मामांनी माझ्यासाठी आणलेलं स्थळ लिंबागणेशच्या अलीकडचं होतं. माणसं चांगली, मुलगा नोकरीला. मी नको म्हणावं असं त्यात काही नव्हतं, आणि मला कुठल्याच गोष्टीला नको म्हणता येत नाही. एम.एस्सी.चा फॉर्म भरलाय हे मी फक्त तात्यांना सांगितलं होतं, तेही ते चेनला तेल देत असताना, मान खाली घालून.

"संभाजीनगर?" त्यांनी विचारलं होतं. "लई लांब हाय गं." आणि चेन पुसत बसले होते.

आज पहाटे त्यांनी दाराच्या चौकटीवर खडूनं आकडा लिहिला आणि मुलाच्या गावाला निघाले. दुपारी परत आले. जाऊन-येऊन भागिले दोन, की माझा निकाल.

जेवणं झाल्यावर घर आडवं झालं. मी गच्चीवर वाळवण बघायला गेले, तर खालून आवाज यायला लागला. टक्क टक्क टक्क टक्क. मी कठड्यावरून वाकले. पत्र्याच्या शेडमध्ये तात्या पाटावर बसले होते. हँडलला दोरी बांधून पुढचं चाक त्यांनी अधांतरी टांगलं होतं, आणि ते हातानं फिरवत होते. चाक मंदावलं की परत फिरवायचे. वाकून आकडा बघायचे, कपाळ पुसायचे, परत फिरवायचे. अर्धा तास.

नुसता खोटा आकडा सांगितला असता तरी चाललं असतं. पण मीटरवर नाही ते तोंडात नाही.

मी चहा घेऊन बैठकीत गेले तेव्हा तात्या वही उघडून उभे होते.

"सव्वीस पूर्णांक चार."

पप्पांचा चेहरा पडला. मामांनी मोबाइल काढला. "ह्यो बघा नकाशा. दारापासून दारापर्यंत तेवीस. आवो तात्या, एवढं अंतर काय वाटंत उगवलं का?"

"मीटर खोटं बोलत न्हाई," तात्या म्हणाले. एरवी हे ते छाती काढून म्हणतात. आज जमिनीकडे बघून म्हणाले.

"मंग मोबाइल खोटा? म्हातारं झालं तुमचं मीटर. भंगारात घाला आता."

"जुनं झालंय हो ते, तात्या," पप्पाही म्हणाले. "तेवीस धरू आपण. काय हरकत आहे?"

मामांनी हसत पेढ्याचा पुडा सोडायला घेतला. पुड्याच्या दोऱ्याची गाठ सुटत नव्हती. मी ट्रे धरून त्या गाठीकडे बघत होते. ती सुटली की संपलं.

"मीटरला काय बी बोलू नका," तात्या एकदम म्हणाले. "त्याची काय बी चूक न्हाई. आकडा मी फिरवलाय. हातानं."

मामांचे हात थांबले. पप्पा उठून उभे राहिले. चाळीस वर्षांत त्या घरात तात्यांच्या आकड्यावर कुणी शंका घेतली नव्हती.

"कावून?" पप्पा शाळेत मास्तर आहेत, घरात पुस्तकी बोलतात, आज त्यांच्याही तोंडून 'का'च्या जागी गावचं 'कावून' आलं. "कावून, तात्या?"

तात्यांनी वही मिटली. माझ्याकडे बघितलं नाही. ते तसेच उभे राहिले असते, संध्याकाळपर्यंत, आणि लबाड म्हणवून घेऊन गेले असते.

मी ट्रे खाली ठेवला.

"माझ्यासाठी," मी म्हणाले. "मला हे लग्न करायचं नाही, पप्पा. मला संभाजीनगरला शिकायला जायचंय. आणि तात्या, तेवढं अंतर मात्र मोजू नका. मीच येत जाईन."