हिरव्या ठिपक्याचे म्हात्रे

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्यावर कोण ओरडत होतं?" म्हणून हे लिहायला बसले आहे. ते गृहस्थ ओरडत नव्हते. "वा काकू, मस्त चुकलात," असं माझं कौतुक करत होते, आणि त्याचाच मला संताप येतो.

हे आमच्या शेजारचे म्हात्रे. मूळचे शिरवणे गावचे, आता आमच्याच मजल्यावर. जगभरातले लोक आपापल्या घरचे कम्प्युटर एकमेकांना जोडतात आणि मोठमोठी गणितं वाटून घेतात. त्या कारभाराला मालक नाही, मुख्य कचेरी नाही. त्यातले दोष काढायचे आणि स्क्रीन सोपी करायची, हे म्हात्र्यांचं काम. प्रत्येक नवी स्क्रीन आधी माझ्यासमोर येते.

"काकू, तुमी चुका. पन मनापासून चुका."

जन्मभर मी शाळेत मुलींचं इंग्रजी लाल शाईने सुधारलं, आणि आता हा मनुष्य माझ्या चुकांची वाट बघत बसतो. मी भलतंच बटन दाबलं की म्हणतो, "बघा, बटनच चुकीच्या जागी हाय. तुमी बरोबर." नेमकं दाबलं तर चेहरा पाडतो.

जादा काही त्यांना खपत नाही. लिफ्टमधली पाणीकपातीची नोटीस "सर्व सन्माननीय सभासदांना" अशी सुरू होत होती. म्हात्र्यांनी ती काढून "दुपारी पाणी नाही" एवढंच चिकटवलं. सेक्रेटरींनी येऊन मला सुनावलं, जणू मीच शिकवलं होतं.

मग म्हात्र्यांच्या कम्प्युटरवाल्या गटातून सूचना आली: कुणाचा कम्प्युटर चालू आहे ते दाखवणारे, नावांपुढचे हिरवे ठिपके काढून टाका, उगाच गर्दी होते. मालक नसल्यामुळे तिथे सगळं मतांवर ठरतं. आणि नेमके म्हात्रेच अडून बसले.

"अहो, उपयोग काय त्या ठिपक्याचा?"

"हाय."

"म्हणजे काय?"

"हाय ना, काकू."

मी चिडले. "माझ्या सोयीचं मोठं बटन स्क्रीनवरून काढलंत तेव्हा तासभर कारणं ऐकवलीत. आता मला कारण द्या."

त्यांनी यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. रोशन. त्यांचा मुलगा, कॅनडात असतो. गावातलं घर बिल्डरला द्यायचं की नाही यावरून दोघांत वाजलं, तेव्हापासून फोन बंद.

"पन कम्प्युटर जोडलेला ठेवलाय त्यानं. माझ्या कामात. काढला नाय."

"मग हेच सांगा गटाला."

"घरचं गाऱ्हाणं तिथं कसं सांगू, काकू?"

मतदानाआधीच्या मीटिंगला मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. शाळेतल्या आवाजात, इंग्रजीत, त्या सगळ्यांना सुनावलं की ज्यांना ठिपक्यांची गर्दी होते, त्यांची माणसं शेजारच्या खोलीत असणार. माझी लांब आहेत. ती जागी आहेत एवढं कळलं तरी मला पुरतं. म्हात्रे कीबोर्डकडे बघत बसले होते.

मतं पडली. बापलेक अजून बोलत नाहीत. ठिपका आहे.