औषधखात्याच्या तीन यंत्रांची नाडी पाहिली, त्याची हकिकत

श्रीगजवदन प्रसन्न. ज्याने उमज दिधली त्यास नमन, आणि ज्याने संभ्रम दिधला त्यासही नमन, कां जे त्याचाच अंमल या हकिकतीत विशेष जाहला. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. ते समयी राज्यांत औषधखाते म्हणोन थोर खाते होते आणि त्याचा कारभार तीन संगणकयंत्रांवर चाले, थोरले, मधले आणि धाकटे. रयतेने दवाखान्यांत जावे, वैद्याने औषध लिहावे, यंत्राने चिठ्ठी काढावी, मग औषध मिळावे ऐसा शिरस्ता. परंतु रोज भोजनाची वेळ टळली की यंत्रे मंद होत, चिठ्ठी निघेना, आणि कोणी तापले लेकरू घेऊन, कोणी दम्याचा म्हातारा घेऊन उन्हांत तिष्ठत राही. बोभाटा हुजुरापर्यंत गेला. मग मुख्य कारभारी विसाजीपंत यांणी भागीरथीबाई पारसनीस यांस बोलावून आज्ञा केली की, यंत्रांस काय व्याधि आहे ते आठ दिवसांत दाखवावे.

बाई नळखात्यावर होत्या. यंत्रांत जे जे घडे त्याची नोंद एका नळाने वाहत येई, त्यास लॉगनळ म्हणत, आणि त्या नळाची निगा बाईंकडे. बाईंनी विचार केला की, नळाचे तोंडाशी प्लगिन नामे लहानसे जोडयंत्र बसवावे, त्याणे यंत्राची धाव किती, स्मरण किती भरले, पोटांत जागा किती उरली हे टिपून नळांत सोडावे, म्हणजे व्याधि आपसूक कळेल. मग त्यांणी प्लगिनास वाचावयाचे आज्ञापत्र लिहिले आणि मधल्या यंत्रांत ठेविले. काहीच आले नाही. पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. चूक म्हणावी तर प्लगिन तक्रार करीना, बरोबर म्हणावे तर नळ कोरडा. बाई अन्न सोडून त्याच चार ओळी वाचीत बसल्या आणि आपणांस वाचता येते की नाही हाच संशय त्यांस येऊ लागला. अखेर एका ओळीचे आरंभी एक रिकामी जागा कमी पडली होती असे निघाले. जेथे काहीच नाही तेथे काही उणे आहे, हे कोणी कैसे ओळखावे? असो. जागा सोडिली, नळ वाहू लागला. मग बाईंनी हर्षाने तेच आज्ञापत्र उतरवून थोरल्यांत आणि धाकट्यांतही ठेविले.

दरबारी मंडळींच्या दालनांत चित्रफलक होते, त्यांवर राज्यांत किती चिठ्ठ्या निघाल्या ते क्षणोक्षणी दिसे. विसाजीपंतांनी यंत्रांची नाडीही त्याच फलकांवर आणविली. पाहतात तो थोरल्याचे नांव नाही, धाकट्याचे नांव नाही, एकले मधले यंत्र दिसते, आणि ते आता निजले आहे तो लगेच धापा टाकते, पुन्हा निजते. पंतांनी निवाडा केला की मधले बिघडले. त्याचे रखवालदार दादजी नरसाळे यांस कामावरून दूर केले. बाईंस हे उमजेना, परंतु आकडे त्यांनीच आणिले होते, म्हणोन त्यांणी निवाडा मानिला.

दुसरे दिवशी दादजी बाईंचे घरी आले. रागावले नाहीत, पाणीही घेतले नाही. म्हणाले, "बाईसाहेब, माझे यंत्र आजारी असेल तर असो. पण एकाच निमिषांत ते निजलेले आणि धावणारे कैसे, येवढे सांगा. मी घरी तेच सांगेन."

दादजी गेले आणि बाई आज्ञापत्र काढून बसल्या, आणि तिसऱ्या ओळींत पाहतात तो यंत्राचे नांव मधले ऐसे स्वहस्ते लिहिलेले. तेच तिहींकडे उतरविले होते, म्हणोन तिघांची नाडी एकाच नांवाने येत होती. मग नांवे वेगळाली केली, आणि मधले निरोगी, धाकटे निरोगी, धाप ती थोरल्याची निघाली. थोरल्यास कोण दमवितो म्हणोन शोध केला तो दालनांतील फलकच निघाले. भोजनोत्तर सारे दरबारी फलक उघडून बसत, आणि प्रत्येक फलक थोरल्यास क्षणोक्षणी अवघ्या राज्याचा हिशेब पुसे, मग चिठ्ठी काढण्यास त्यास त्राण उरत नसे.

बाई भर दरबारांत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "चूक माझी. दादजी निर्दोष आहेत. फलक बंद करावे, यंत्रे आज बरी होतील."

विसाजीपंत म्हणाले, "बाई, फलक बंद केले तर यंत्रे बरी जाहली हे आम्हांस दिसणार कैसे?"

बाईंनी मुजरा केला, बाहेर आल्या, आणि आज्ञेवाचून फलकांची तार काढिली.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. दादजी कामावर रुजू जाहले, बाईंची चौकशी बसली. यंत्रे बरी आहेत की कैसे याचा दरबारांत अद्याप खल चालतो. दवाखान्यांत दुपारी आता कोणी तिष्ठत नाही.