चार बोल्ट आणि अठरा सदस्य

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी सेवा मंडळाच्या मोटरसायकलचा एक बोल्ट मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी कंपू वस्तीच्या वळणावर तुटला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. बावीस डब्यांपैकी तीन डब्यांची आमटी रस्त्यावर गेली, एवढंच.

ही मोटरसायकल मंडळाला एका दिवंगत सभासदाच्या मुलांनी भेट दिली होती. तिच्या मागे लोखंडी जाळीचं कॅरिअर बसवलेलं होतं आणि समरजीत मोहिते रोज त्यात बावीस डबे घालून कंपूच्या हॉस्पिटलात नेत असे. भिंड, मुरैना, शिवपुरीकडून आलेल्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी ते डबे असत. समरजीत चाळिशीचा, एका खाजगी ऑफिसात कारकून. आपली जेवणाची सुट्टी तो या कामात घालवायचा. डबे भरत मंडळाचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या लीलाताई. त्यांचा हात चिंचेला सढळ होता, आणि झाकणातून गळणारी ती आंबट आमटी गेली चार वर्षं कॅरिअरच्या चार बोल्टांवर ठिबकत होती. एक तुटला, तेव्हा उरलेले तीन चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झाले होते.

समरजीतने तुटका बोल्ट मंडळाचे अध्यक्ष जगदेवराव भोईटे यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"काका, चारही बदलावे लागतील. पाटणकर बाजारातून घेऊन येतो. पाँच मिनट का काम है."

"पाच मिनिटांचं आहे हे तू ठरवलंस?" जगदेवरावांनी चष्मा काढला. त्यांचे पूर्वज घोडदळात होते. ते स्वतः तीस वर्षं सरकारी गोदामात होते. "मंडळाची वस्तू आहे. उद्या कोणी विचारलं, हाच बोल्ट का घेतला, तर मी काय सांगू? समोर दिसला म्हणून?"

"गंजणार नाही असा घेतला, म्हणून सांगा."

"गंजणार नाही हे सिद्ध कोणी केलं?"

त्याच संध्याकाळी पाच जणांची 'गंजरोधक बोल्ट निवड उपसमिती' स्थापन झाली.

डबे तोवर ई-रिक्शाने न्यावेत, असं समरजीतने सुचवलं. मंडळाच्या चिटणीस उषाताई गुप्ते निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांना सगळे ठराव पाठ होते. डबे मंडळाच्याच वाहनातून जातील, असा ठराव सहा वर्षांपूर्वी एकमताने झाला होता. पायी जाण्याविषयी मात्र त्यात काही म्हटलेलं नव्हतं. म्हणून समरजीत दोन हातांत दोन पिशव्या घेऊन चालत निघाला. चार डबे मावले.

अठरा उरले.

उपसमितीची पहिली सभा नेमकी दुपारी होती. अठरा गरम डबे शेजारी, आणि समोर पाच विचारमग्न सदस्य. अन्न वाया जाणं बरं नव्हे, यावर तत्काळ एकमत झालं. त्या दिवशीच्या कामकाजातला तो एकमेव निर्णय.

उपसमितीचे निमंत्रक राघव गर्दे इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांना गंजाविषयी कोणी काही विचारलं नव्हतं. ती दहा वर्षांची उणीव त्यांनी दोन तासांत भरून काढली.

"स्टेनलेसमध्ये तीनशे चार नंबर चालेल," ते शेवटी म्हणाले, "पण समुद्राकाठी तीनशे सोळाच लागतं."

"ग्वाल्हेरला समुद्र नाही," समरजीत म्हणाला.

"आज नाही," गर्दे म्हणाले.

हे वाक्य इतिवृत्तात घेण्यात आलं.

दुसऱ्या सभेत दरपत्रकं मागवायचं ठरलं, तेव्हा उषाताई उठून उभ्या राहिल्या. "बोल्ट हा शब्द मंडळाच्या कागदावर येणार नाही. आपण इथे मराठी टिकवायला बसलोय. ये मैं होने नहीं दूँगी!"

चार दिवस शब्दकोश चाळून 'गंजरोधक मळसूत्री खिळा' हा शब्द मुक्रर झाला आणि उषाताईंनी पत्रकं पाटणकर बाजारात वाटली. हार्डवेअरचे दुकानदार संग्रामसिंह यांनी पत्रक जवळ धरून वाचलं, लांब धरून वाचलं.

"मंगलसूत्र? वो तो सराफे में मिलेगा, माताजी."

हार्डवेअरच्या एकाही दुकानातून दरपत्रक आलं नाही. एका सराफाने मात्र किती तोळ्यांचं हवं, अशी नम्र विचारणा केली. ती उपसमितीपुढे ठेवण्यात आली आणि विषयाशी संबंधित नसल्याने पुढच्या सभेपर्यंत राखून ठेवण्यात आली.

तोवर उपसमितीची ख्याती पसरली होती. पाचाचे नऊ झाले, नवाचे चौदा. कोणी कायदेशीर बाजू पाहण्यासाठी आलं, कोणी युवकांचा प्रतिनिधी म्हणून. ते युवक छप्पन्न वर्षांचे होते. सदस्यसंख्या अठरा झाली तेव्हा ती आपोआप थांबली. सभा रोज भरू लागली, बरोबर साडेबाराला. इतकी उपस्थिती मंडळाने गणेशोत्सवातही पाहिली नव्हती. एका सदस्याने आमटीत मीठ कमी असल्याचं लेखी कळवलं. दुसऱ्याने बुधवारी काही गोड असावं, असं सुचवलं.

समरजीत रोज चार डबे घेऊन चालत होता. चालण्याचं त्याला काही वाटत नसे. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पोचल्यावर मात्र त्याचे पाय जड व्हायचे. बावीस माणसं, चार डबे. त्याने पाळ्या लावल्या. गरिमा नावाची एक बाई भिंडहून आली होती. नवऱ्याचं मांडीचं हाड मोडलं होतं आणि वजन लावून त्याला महिनाभर आडवं ठेवलं होतं. ती रोज उठून उभी राहायची आणि अगदी हळू विचारायची, "भैया, आज हमारा नंबर है क्या?"

एका दुपारी समरजीतने हे सभेत सांगितलं. सभागृह गंभीर झालं. समोरचे घास क्षणभर थांबले. जगदेवरावांनी दोन मिनिटं मौन पाळण्याची सूचना मांडली. पण कोणी मृत नसल्याने ते नियमात बसत नाही, असं उषाताईंनी दाखवून दिलं. शेवटी तीव्र खेद नोंदवण्यात आला.

"या बाईंसाठीच तर हे सगळं चाललंय," गर्दे म्हणाले आणि त्यांनी प्रयोगाची घोषणा केली. चार प्रकारचे बोल्ट चार वाट्यांत आमटीत बुडवायचे: साधं लोखंड, पिवळा मुलामा दिलेलं लोखंड, तीनशे चार आणि तीनशे सोळा. खारं पाणी पुस्तकात ठीक आहे. मंडळाच्या बोल्टाची गाठ आमटीशी आहे. आमटी रोज ताजी हवी. मग आमटी चिंचेची की आमसुलाची, यावरून दोन गट पडले, आणि सलोख्यासाठी वाट्या आठ झाल्या.

साधे बोल्ट तिसऱ्या दिवशी तांबूस झाले. पिवळ्यांनी बाराव्या दिवशी मान टाकली. एकविसाव्या दिवशी दोन्ही प्रकारचे स्टेनलेस बोल्ट आमटीतून बाहेर काढले, तर लग्नातल्या भांड्यांसारखे लखलखत होते.

"म्हणजे झालं!" समरजीत उभा राहिला.

"झालं कसं?" गर्दे चिंतेत पडले होते. "दोन्ही पास झाले. आता निवड कशी करणार? एकतरी गंजायला हवा होता." आणि त्यांनी चाचणीला नव्वद दिवसांची मुदतवाढ मागितली. अठरा हात वर झाले. काही हातांत पोळी होती.

लीलाताई दारातून हे पाहत होत्या. बासष्ट वर्षांच्या, कमी बोलणाऱ्या. त्या आत गेल्या, पदराला हात पुसले, तुटका बोल्ट उचलला आणि चालत पाटणकर बाजारात संग्रामसिंहांच्या दुकानी आल्या.

"भैया, जंग न लगे ऐसे चार बोल्ट दे दो. इसी नाप के."

"कहाँ लगाओगी?"

"गाडी के पीछे. ऊपर से दाल टपकती है."

"तो ये ले जाओ, तीन सौ चार. वाशर और नट भी इसी के रखना. कसने से पहले ज़रा-सा ग्रीस."

"बस?"

"और क्या, माताजी? बोल्ट है."

समरजीतने चारही बोल्ट अकरा मिनिटांत बसवले. दुसऱ्या दिवशी बारा वाजता बावीस डबे कंपूकडे रवाना झाले.

साडेबाराला अठरा सदस्य सभागृहात आले. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. दहा मिनिटांत तातडीची सभा सुरू झाली आणि लीलाताईंना बोलावण्यात आलं. विनाठराव, विनाचाचणी, अनधिकृत बोल्ट बसवून मंडळाच्या मालमत्तेत फेरफार केल्याचा ठपका त्यांच्यावर वाचून दाखवला गेला. समरजीत नुकताच परतला होता. तोही त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला.

लीलाताईंनी पदराआडून तेरा नंबरचा पाना काढून टेबलावर ठेवला.

"काढायचे असतील तर काढा. गाडी दाराशी आहे. ज्यांना काढायचे त्यांनी उद्या डबे कंपूला चालत न्यायचे, आणि त्या बायकांना कारण सांगायचं."

युवक प्रतिनिधींनी छताकडे पाहिलं. गर्द्यांनी पाना उचलला, पण तो कोणत्या धातूचा आहे हे पाहून परत ठेवला.

मग जगदेवराव खाकरले. गोदामातल्या तीस वर्षांनी त्यांना एक गोष्ट शिकवली होती: जे थांबवता येत नाही, ते आपण केलं असं लिहायचं. "उपसमितीच्या अथक परिश्रमांमुळे गंजरोधक मळसूत्री खिळ्याची निवड यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याबद्दल," त्यांनी सांगितलं आणि उषाताई लिहू लागल्या, "ही सभा उपसमितीचं अभिनंदन करते."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता फोटो काढण्यात आला. मोटरसायकल मध्ये, अठरा सदस्य सभोवार, प्रत्येकाचा निदान एक हात कॅरिअरवर. लीलाताई स्वयंपाकघरात होत्या. समरजीत गाडी तोलून धरायला मागे उभा होता. तो दिसत नाही. गर्द्यांचे डोळे मिटले गेल्याने फोटो पाच वेळा काढावा लागला, आणि डबे दीड तास उशिरा पोचले.

"आज देर हो गई, भैया?" गरिमाने विचारलं.

"हाँ, दीदी. फोटो खिंच रहा था."

संध्याकाळी तो फोटो ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आला. खाली पंचेचाळीस ओळींचा मजकूर होता. तिथून तो इंदूरला गेला, बडोद्याला गेला, पुण्याला गेला, आणि कोणाच्या तरी मावसभावाकडून तुमच्या ग्रुपवरही आला. मजकूर कोणी वाचला नाही. बरीच माणसं एका वाहनाभोवती अभिमानाने उभी आहेत, एवढं दिसलं आणि ते पुरेसं होतं. अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. त्या अंगठ्यांत एक तुमचा आहे. तुम्हाला आठवणार नाही. दात घासताना दाबला होतात.