डाळिंबाने नेसलेली इरकल

विजयमालाने कपाट उघडले तेव्हा खालचा कप्पा रिकामा होता. तिथे एक गाठोडे असायला हवे होते. वरून जुनेर, विटकी फुलाफुलांची सुती साडी, आणि आत तिच्यात गुंडाळून ठेवलेली कोरी जांभळी इरकल. चांगले लुगडे जुन्यात गुंडाळून ठेवायची रीत तिला आईने शिकवली होती. आणि तीच आई आज संध्याकाळच्या एस्टीने अक्कलकोटहून येणार होती.

तिचा नवरा जोतिराम अंगणातल्या बाजेवर उताणा पडून ढग बघत होता. हा त्याचा आवडता उद्योग. एखादा ढग मेंढीसारखा दिसला की त्याला तो सांगोल्याच्या बाजारात नेऊन विकून येईपर्यंत दुसरे काही सुचत नसे. गाठोडे कुठे आहे असे विजयमालाने विचारले, तेव्हा त्याने सावकाश मान वळवली.

"ते व्हय? ते डाळिंबाला गेलं."

डाळिंबाला साड्या लागतात, हे त्या गावात कुणाला सांगावे लागत नाही. फळ रंगावर आले की दिवसा ऊन त्याला भाजते आणि दिवस मावळला की पतंग येतो. दिसायला देखणा, पण सोंड सुईसारखी. फळात खुपसून रस पितो, आणि चार दिवसांत ते फळ कुजून खाली पडते. म्हणून झाडांना जुन्या साड्या पांघरायच्या. जोतिरामने घरोघरी फिरून, प्रत्येकीला पाटीभर डाळिंबे कबूल करून साड्या जमवल्या होत्या. शेवटी चार झाडे उघडी राहिली तेव्हा त्याने आपल्याच कपाटात हात घातला.

"त्यात माझी इरकल हुती," विजयमाला म्हणाली. "अव्वानं दिलेली."

जोतिराम आठवून हसला. "जांभळी न्हवं? लई शोभली की झाडाला."

"कंच्या झाडाला?"

एवढे मात्र त्याला आठवेना. साडी नेसवताना मावळतीला काय रंग झाला होता ते त्याने नीट सांगितले, पण झाड सांगता आले नाही.

आता ही इरकल साधी नव्हती. मागच्या दिवाळीत आईने, गुरम्माने, ती हातात ठेवली, आणि विजयमाला पटकन बोलून गेली की हा रंग म्हाताऱ्यांचा. गुरम्माने तोंड फिरवले ते फिरवलेच. तेव्हापासून फोन नाही, निरोप नाही. विजयमालाचाही स्वभाव आईवरच गेलेला, त्यामुळे तिनेही केला नाही. पण मनातून ती झुरत होती. परवा भावाने फोन करून सांगितले की अव्वा येतेय, आणि तिने ठरवून टाकले की दारात उभे राहायचे ते इरकल नेसूनच. आईला मोतीबिंदूमुळे धड दिसत नव्हते, पण जांभळा रंग तरी कळेल. तोंडाने माफी मागणे दोघींच्याही घराण्यात नव्हते.

ती अंगातल्या मॅक्सीवर नवऱ्याचा शर्ट चढवून तशीच मळ्यात पळाली. वाटेत शेजारच्या केराबाईने हटकले आणि कारण कळल्यावर मदतीला आणखी दहाजणी घेतल्या. इथेच घोटाळा झाला.

बाग मोठी होती. वारा सुटला होता आणि रांगाच्या रांगा साड्यांचे पदर हळूहळू हलत होते. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाण मिळायची वाट बघत उभ्या असाव्यात, तशी ती झाडे दिसत होती. सगळ्याजणी जरा दबकूनच आत शिरल्या. इरकल शोधता शोधता केराबाई एका पोपटी साडीपाशी थांबली.

"ही माजी," ती म्हणाली. "थोरल्याच्या बारशाची. मी ही दिली कशी?"

तिने काठावरून हात फिरवला. मग तिने गाठ सोडली. साडी कुठे फारशी फाटलेली नाही असे तिचे म्हणणे पडले. तोवर पलीकडच्या रांगेत आणखी एकीला तिची डोहाळजेवणाची साडी भेटली होती. एकीला नवऱ्याने आयुष्यात एकदाच आपणहून आणलेली सापडली. ज्या साड्यांकडे घरात कुणी बघत नव्हते, त्या झाडांवर बघून बायकांचे डोळे भरून आले, आणि डोळे पुसून त्या गाठी सोडू लागल्या.

जोतिराम धावत आला तेव्हा निम्मी बाग उघडी पडली होती. त्याने फळे उतरेपर्यंत थांबा म्हणून सगळ्यांना विनवले. केराबाईने, तुझी डाळिंबे तुलाच ठेव, असे सांगितले. एकेक बाई घडी काखेत मारून, तंद्रीत, घराकडे चालू लागली. दिवस कलला होता आणि पतंगांची वेळ होत आली होती. बिचाऱ्याने बांधावर पालापाचोळा गोळा करून धूर केला, कारण पतंगांना धूर सोसत नाही. धूर जमिनीलगत पसरत सगळ्या बागेत भरला.

त्या धुरात, वाटेकडेच्या अगदी शेवटच्या झाडावर, विजयमालाला इरकल दिसली. जोतिरामने ती मन लावून नेसवली होती. लाल टोपपदर वरून डोईवर घेतल्यासारखा पुढे आला होता. ती मागच्या बाजूने गाठ सोडायला वाकली, आणि तेवढ्यात वाटेवरून पिशवी घेतलेली गुरम्मा आली. एकटीच.

मॅक्सी आणि वर नवऱ्याचा शर्ट. विजयमाला झाडामागे खाली बसली.

गुरम्मा झाडासमोर थांबली. तिने खालपासून वरपर्यंत बघितले.

"नेसलीस व्हय," ती म्हणाली.

झाड काही बोलले नाही.

"बोलू नगंस. बोललीस की भांडण हुतंय. नुसतं ऐक." गुरम्माने पिशवी खाली ठेवली. "तुज्या लग्नात तुला जांभळी पायजे हुती. तुज्या बानं पिवळी आणली, तू रडलीस. ते माज्या मनात हुतं बघ. दिवाळीला दुकानात मला रंगच दिसंना. शेजारच्या बाईला इचारून इचारून घेतली. आन तू म्हाताऱ्यांचा म्हणलीस. राग आला मला. पर लेकीवर इतका राग धरायचा नसतोय. माजं चुकलं."

झाडामागे विजयमाला शर्टाच्या बाहीत तोंड घालून रडत होती. लग्नातले ते रडणे ती स्वतः कधीच विसरली होती. "अव्वा," एवढेच तिच्या तोंडून कसेबसे आले.

गुरम्माने पुढे होऊन झाडाला कवेत घेतले. डाळिंबाला काटे असतात.

"यव्वा," गुरम्मा मागे सरली. "अजून तशीच हायेस. जवळ घेतलं की टोचतीस. चल, चहा टाक." आणि पिशवी उचलून ती घराकडे चालू लागली.

विजयमालाने भराभर गाठी सोडल्या, मॅक्सीवरच इरकल गुंडाळली आणि पळत जाऊन आईला गाठले. दोघी धुरातून चालल्या. एका उघड्या झाडापाशी गुरम्मा थांबली, वाकली आणि एका फळावर बोट ठेवले.

"ह्येला पतंग लागलाय. हे बघ भोक. जावयाला म्हणावं, धूर वाढव."

विजयमालाला भोक दिसेना. तिने फळ दाबले, तेव्हा बोटाखालून रसाचा एक थेंब वर आला. भोक सुईच्या टोकाएवढे होते.

"अव्वा, तुला दिसतंय?"

"श्रावणात डोळ्याचं आपरेशन झालं की. सांगितलं असतं, पर आपलं बोलणं बंद हुतं."

विजयमालाने मागे वळून बघितले. शेवटचे झाड धुरात उघडे उभे होते. मग तिने आईकडे बघितले. गुरम्मा तिच्या पदराला अडकलेले डाळिंबाचे पान काढत होती.

"रंग म्हाताऱ्यांचाच हाय गं," गुरम्मा म्हणाली. "झाडाला बरी दिसत हुती."

विजयमालाने आईचा हात धरला, धड दिसत नसलेल्या माणसाचा धरतात तसा. गुरम्मानेही तो घरापर्यंत धरू दिला.