रेघ वर गेली

प्रयोगशाळेतल्या त्या यंत्राचं काम तसं सोपं होतं. सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्टीवर एक प्रोटीन बसवायचं आणि त्याच्यावरून दुसरं वाहतं सोडायचं. दोघं चिकटली की पडद्यावरची रेघ तिथल्या तिथे वर चढते, सुटली की उतरते. पण तिथे संशोधन करणाऱ्या ताईंच्या दोन प्रोटीनांचं एकमेकांशी काही केल्या जमेना. आज नाही जमलं तर प्रकल्पाचा गाशा गुंडाळायचा, असं संचालकांनी बजावलं होतं.

ताईंनी आधी नुसतं खारट पाणी सोडलं आणि रेघ स्थिरावण्याची वाट बघत बसल्या. तेवढ्यात त्यांचे मार्गदर्शक सर घामाघूम होऊन आत आले.

"काय उकडतंय हो!" म्हणत त्यांनी एसी फुल्ल केला. गार झोत नेमका यंत्रावर. यंत्र जुनं आणि तापमानाच्या बाबतीत भलतंच हळवं. रेघ वर सरकू लागली.

"चिकटलं!" सर ओरडले.

"सर, पण अजून..."

"पण नाही नि बिण नाही!" सर पळालेसुद्धा. परतले ते संचालकांना आणि त्यांच्या दोन पाहुण्यांना घेऊन.

"सर, ऐका तरी..."

"थांबा हो ताई, साहेबांना बघू दे."

संचालकांनी बघितलं आणि खांदे आखडले. "गारठा केवढा आहे इथे! बंद करा तो एसी." एसी बंद झाला. थोड्या वेळाने रेघ उतरू लागली.

"बघा, आता सुटतंय!" सरांना आनंद मावेना. "चिकटायचं आणि हळूहळू सुटायचं. अगदी पुस्तकात असतं तसं!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. संचालक ताईंकडे वळले. "शाब्बास. दुसरं प्रोटीन किती सोडलंत?"

ताईंनी कोपऱ्यातल्या बर्फाच्या डब्याकडे बोट दाखवलं. "ते अजून बर्फात आहे, साहेब."

टाळ्या थांबल्या. पाहुण्यांना एकदम दुसरं काम आठवलं. संचालक निघून गेले आणि सर त्यांच्या मागून, मान खाली घालून.

एकट्या उरलेल्या ताईंनी दार लावलं, रेघ सपाट होऊ दिली आणि मग प्रोटीन सोडलं. रेघ चढली. पुन्हा करून बघितलं, पुन्हा चढली. त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, चिकटलं!"

"एसी?"

"बंद आहे."

"दार?"

"लावलंय."

पलीकडेही दार लावल्याचा आवाज आला. मग सरांनी दबक्या आवाजात विचारलं, "ताई, या खेपेला प्रोटीन सोडलं होतंत ना?"