वानखडेकाकांचा ब्लँक

वानखडेकाका नव्या पुड्यातला चहा पहिल्यांदा पिण्याआधी एक कप बिनचहाचा चहा पीत. पाणी, दूध, साखर, ठेचलेलं आलं, सगळं नेहमीसारखं उकळायचं, फक्त चहाची पूड घालायची नाही. तो कप संपला की खरा चहा. मग डोळे मिटून निकाल द्यायचे, "आता समजलं, यात चहाचं किती अन् आल्याचं किती." घरी पाहुणा असेल तर त्यालाही हे पांढरं पाणी प्यावं लागे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, काकू पूड घालायला विसरल्या. मी मुकाट्याने पिऊन टाकलं आणि वर "छान झालाय" असंही म्हणालो. काकूंनी पदर तोंडाला लावला.

या प्रकाराला ब्लँक म्हणतात. काका मूळचे अमरावतीचे, पण चंदीगडच्या विद्यापीठात रसायनशाळेतला तंत्रज्ञ म्हणून त्यांची तीस वर्षं गेली. परीक्षानळीत काय आहे ते मोजायचं तर शेजारी दुसरी नळी ठेवायची. तिच्यात बाकी सगळं तेच घालायचं, जे मोजायचं तेवढंच वगळायचं. ही दुसरी नळी म्हणजे ब्लँक. दोन्हींत जो फरक येईल ते खरं रीडिंग. निवृत्त झाल्यावर परीक्षानळ्या सुटल्या, पण ब्लँक काही सुटला नाही. निरोपाच्या दिवशी खात्याने भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरवलं होतं. काकांनी त्याऐवजी मोडीत निघालेला तराजू मागून घेतला आणि रिक्षातून मांडीवर ठेवून घरी आणला.

आम्ही सेक्टर चव्वेचाळीसमध्ये शेजारी राहत होतो. पहिला मजला, दोन दारं समोरासमोर. मी आणि माझी बायको दोघेही शिकवायला जायचो, त्यामुळे आमची ईशा शाळेतून सुटली की संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडेच असे. काकू तिच्याशी मराठी बोलायच्या, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नसे. मी एखादी बातमी सांगितली की काका चष्म्यावरून बघत. "अमक्या तेलाने केस वाढतात म्हणते? ज्यानं नाही लावलं त्याचे मोजले का?" माझ्या डोक्यावर तेव्हा मोजण्यासारखे फार उरले नव्हते, म्हणून मी वाद घालत नसे.

मग काकूंना कावीळ झाली. त्यातून त्या उठल्या, पण भूक गेली ती गेलीच. कमरेचा खुबा आधीच झिजलेला होता, तो बदलायचं ठरत होतं. डॉक्टर म्हणाले, "या वजनावर मी हात लावणार नाही. शरीरात प्रथिनं नाहीत, जखम भरायची कशाने? पाच किलो वाढवून आणा, मग बघू." काकू अंडं खात नव्हत्या आणि काविळीनंतर दुधाच्या वासानेही त्यांना मळमळायचं. ऑपरेशन झालं नाही तर त्या पलंगाला खिळणार हे सगळ्यांना कळत होतं. वर्षभर त्या जिना उतरल्या नव्हत्या. त्यांची इच्छाही फार मोठी नव्हती. आठवड्याच्या अपनी मंडीत स्वतःच्या पायाने जायचं आणि स्वतःच्या हाताने भाजी निवडायची, एवढंच. "यांनी आणलेले दोडके पाहून मला आणखी अशक्तपणा येते," असं त्या म्हणायच्या.

काकांनी मोहीम हाती घेतली. वनस्पतीपासून केलेली प्रथिनांची पावडर शोधायची.

त्या वर्षांत चंदीगडात गल्लोगल्ली जिम उघडत होत्या. केमिस्टच्या काचेआड बादलीएवढे डबे आले होते आणि प्रत्येक डब्यावर एक उघडाबंब माणूस दंड फुगवून उभा असे. सेक्टर बावीसमधल्या दुकानात काकांनी त्या माणसावर बोट ठेवून विचारलेलं मी स्वतः ऐकलं आहे, "भाईसाब, मेरी मिसेस चालीस किलो की है. उनको ऐसा नहीं बनाना है. कुछ कम चलेगा." दुकानदार बिचारा डबा उलटसुलट करून बघू लागला.

काकांची पद्धत पक्की होती. भिंगातून आधी हिरवा ठिपका बघायचा, मग घटक वाचायचे, दूध निघालं की डबा परत. "अन् साखर पाहा," ते मला समजावत. "कित्येक डब्यांत साखरच पहिल्या नंबरवर बसून राहिली. त्यापेक्षा पेढे खा ना बाप्पा." एका डब्यावर पंख पसरलेला गरुड होता आणि नाव अगदी अमेरिकन. खाली मुंगीएवढ्या अक्षरात पत्ता होता, इंडस्ट्रियल एरिया, फेज दोन. काका स्कूटरवर मला मागे बसवून तिथे गेले. पत्र्याच्या शेडमध्ये सोयाबीन दळत होते. भिंग, वही आणि कडक इस्त्रीचा शर्ट बघून मालक सरदारजींना वाटलं, सरकारी तपासणी आली. त्यांनी खुर्च्या पुसल्या, लस्सी मागवली आणि हात जोडून विचारलं, "बाऊजी, कौन से महकमे से?" काका म्हणाले, "घर से." तेव्हा सरदारजी इतके हसले की निघताना त्यांनी एक डबा काकांच्या पिशवीत कोंबला. "बहनजी के लिए," म्हणाले. पावडर चांगली होती, असं काकांचं मत पडलं.

काकूंचं तसं मत पडलं नाही. सोयाच्या पावडरीला त्या म्हणाल्या, "कच्च्या बेसनात पाणी टाकलं का?" वरच्या मजल्यावरच्या शर्माजींच्या मुलाने अमेरिकेहून मटारची आणली, तिला म्हणाल्या, "दाणे स्वतः खाऊन टरफलं दळलेली दिसतात." तिसरी तांदूळ आणि मुगाची होती. ती त्यांनी अर्धा ग्लास प्यायली आणि म्हणाल्या, "ही वाईट नाही. हिला काहीच चव नाही." काकांनी वहीत लिहिलं, रुग्णास सह्य.

आता खरा प्रयोग. तिन्ही पावडरी तीन-तीन आठवडे द्यायच्या आणि दर रविवारी वजन करायचं. पण काका अडले. "सुमनचं वजन वाढलं, तर ते पावडरीनं की हिवाळ्याच्या हवेनं, कसं सांगशील? ब्लँक पाहिजे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काका, मला प्रयोगाबियोगात ओढू नका, आमच्याकडे रात्री पराठे असतात. "मग मीच होतो ब्लँक," ते म्हणाले. आम्ही सगळे हसलो. पावडर न पिणं एवढंच तर काम, ते काय, मीही करत होतो.

पण ब्लँकमध्ये बाकी सगळं तेच लागतं. हे त्यांनी मला शंभर वेळा सांगितलं होतं आणि तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

नोव्हेंबर गेला, डिसेंबरचं धुकं आलं. काकूंचं वजन जागचं हलेना. पावडर कशीबशी प्यायची आणि जेवण मात्र अर्धं ताटात. काकांचा स्वेटर मला सैल वाटू लागला. एकदा स्कूटरला किक मारताना ते मध्येच थांबले आणि सीटला धरून उभे राहिले. "थंडी," म्हणाले. मीही थंडीलाच नावं ठेवली.

एका संध्याकाळी ईशाला न्यायला गेलो. काका स्वयंपाकघरात होते. पलंगाशेजारी ईशा पोळी पुढ्यात घेऊन बसली होती आणि काकू तिला सांगत होत्या, "संपव बरं. आजोबा पाहा, कसे चार पोळ्या खाऊन फिरतात."

ईशा म्हणाली, "नहीं आजी. आजोबा तो उतना ही खाते हैं जितना आप. पहले आपकी बची हुई प्लेट तराजू पे रखते हैं, फिर अपनी बनाते हैं."

काकू मला म्हणाल्या, "विनायक, फ्रिजवरची वही दे."

वहीत दोन रकाने होते. एकावर सुमन, दुसऱ्यावर ब्लँक. सुमनच्या रकान्यात दर रविवारी तेच चाळीस. ब्लँक अठ्ठावन्नवरून उतरत उतरत एक्कावन्नवर आला होता. अक्षर सगळीकडे तेच, सुबक.

"अहो, इकडे या," काकूंनी हाक मारली. काका हात पुसत दारात आले. वही बघितली आणि तिथेच उभे राहिले.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"प्रयोग आहे, सुमन. ब्लँकला वेगळं खाता येत नाही."

"मी अर्धी पोळी खाते म्हणून तुम्ही अर्धी खाता? दोन महिन्यांपासून?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. "तू इकडे अर्धी टाकून देते," ते हळूच म्हणाले. "मी तिकडे बसून चार खाऊ? आधी खाऊन पाहिल्या मी. घशाखाली नाही जात. म्हटलं, नाही तर नाही, रीडिंग तरी घेऊ."

मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण ईशाची पोळी संपली नव्हती. काकू रागावल्या असं मला वाटलं होतं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी मला स्वयंपाकघरातून दोन पोळ्या आणि वरण आणायला सांगितलं. भूक त्यांना तेव्हाही नव्हती, ते दिसतच होतं. एकेक घास त्या पाण्याबरोबर ढकलत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत नव्हत्या. दोन्ही पोळ्या संपायला पाऊण तास लागला. मग त्यांनी रिकामं ताट काकांसमोर धरलं. "मोजून घ्या," म्हणाल्या, "अन् तेवढ्या खा. माझ्यासमोर बसून."

त्या दिवसापासून काका पलंगाजवळ पाट मांडून जेवू लागले. आपण एक घास टाकला तर समोरच्या ताटातला एक कमी होतो, हे काकूंना कळून चुकलं होतं. त्या खात गेल्या. पुढे पुढे भूकही लागू लागली. तांदूळ-मुगाची पावडर चालूच होती, ती त्यांनी ताकात जिरं घालावं तसं जिरं घालून सुसह्य करून घेतली होती. मार्चमध्ये डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि तारीख दिली. ऑपरेशन नीट झालं. काका मात्र महिनाभर कुरकुरत होते की आता कोणत्या पावडरीचा किती उपयोग, हे कधीच सांगता येणार नाही, सगळी आकडेवारी नासली.

पावसाळा सरल्यावर काकू वॉकर घेऊन अपनी मंडीत गेल्या. काका मागे पिशवी धरून. त्यांनी उचललेला पहिला दोडका काकूंनी न बोलता परत ठेवला, आणि काकांचा चेहरा इतका खुलला की भाजीवालाही बघत राहिला.

त्याच सुमारास साताऱ्याहून आतेभावाचं पत्र आलं. माझी आई फार वाळली आहे, असं त्याने लिहिलं होतं. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी होती. मी लगोलग काकांकडे गेलो. एवढा अभ्यास केलेला माणूस शेजारी असताना दुसरीकडे कशाला विचारायचं? म्हटलं, काका, आईला पावडर पाठवायची आहे. तिन्हींतली कोणती घेऊ?

मला वाटलं, आता भिंग निघेल, साखरेवर व्याख्यान होईल. काकांनी भिंगाला हातही लावला नाही.

"आई जेवते कोणासोबत?" त्यांनी विचारलं.

मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. शेजारचे आहेत, पेन्शन वेळेवर येते, कामाला बाई आहे. यातलं काहीच त्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"एकटीच," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. पावडरीचं नाव त्यांनी सांगितलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून सुटल्यावर मी सेक्टर सतराला रेल्वेच्या रिझर्वेशनच्या रांगेत उभा राहिलो. जायचं माझं एक तिकीट काढलं, आणि यायची दोन.